चेंडू पडला की थांबायचं

किल्ल्यांच्या जुडग्याऐवजी टेनिसचा चेंडू घ्यायचा, एवढाच काय तो निर्णय मी घेतला होता. माणसं दिवसाकाठी असे शंभर निर्णय घेतात आणि सुखाने जेवून झोपतात. मी एक घेतला, तर बायको शिवणाच्या खोलीत झोपली आणि दाराला आतून खुर्ची लावून झोपली.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी, मर्विन, मुळातला भित्रा माणूस. फोन वाजला की मला धडकी भरते. दातांच्या डॉक्टरने नुसतं "बसा" म्हटलं तरी मी कण्हतो. नगरपालिकेत कुत्र्यांच्या परवान्यांच्या खिडकीवर मी बसतो, मध्ये जाड काच आहे, तरी मी खुर्ची हातभर मागे सरकवून बसतो. (कुत्रे बाहेरच असतात. मी त्यांच्या मालकांना घाबरतो.) अशा माणसाने संवेदनांच्या खेळात पडावं, हे कुणालाही खरं वाटणार नाही. पण नवरे बहुतेक गोष्टींत बायकोमुळे पडतात आणि स्वतःमुळे आपटतात.

हा खेळ म्हणजे असा, की एकाने डोळ्यांवर पट्टी बांधून आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने त्याच्या अंगावरून कधी पीस फिरवायचं, कधी लोकर, कधी बर्फाचा खडा, कधी शिंपी कापडावर खुणा करतात ते दातेरी चाक. पुढे काय येणार हे पट्टीवाल्याला ठाऊक नसतं आणि सगळी मजा त्या ठाऊक नसण्यात असते. माझी बायको ग्लेनिस एका वृद्धाश्रमाची व्यवस्था बघते. कुणाला कधी कुठली गोळी, कुणाची आंघोळ, कुणाचा मुलगा भेटायला येणार आणि कुणाचा येतो म्हणून येणार नाही, हे सगळं तिला आदल्या दिवशीच माहीत असावं लागतं. "मर्व, आठवड्यातून एकदा तरी पुढे काय होणार हे मला माहीत नसावं," असं ती एकदा म्हणाली, आणि ते मला पटलं. मी स्वतः तर कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचतो. तेव्हा पट्टी तिच्या डोळ्यांवर आणि साहित्य माझ्या हातात, अशी वाटणी झाली. तरीही भीती मलाच जास्त वाटायची. ती पट्टी बांधून खुशाल पडायची आणि मी हातात पीस धरून थरथरत उभा. पीस थरथरलं की ते जास्त छान लागतं, असं ती म्हणायची. माझ्या भित्रेपणाचं कौतुक झालेला आयुष्यातला तो एकमेव प्रसंग.

या छंदाची माणसं आमच्या होबार्ट शहरात आहेत, आणि ती आपल्यासारखीच आहेत. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मूना या उपनगरातल्या एका पबच्या मागच्या खोलीत आम्ही जेवायला जमतो. साधे कपडे, शिंपल्यांचं सारण भरलेले स्कॅलप-पाय, हवापाण्याच्या गप्पा. खोली 'पक्षिमित्र मंडळ' या नावाने घेतलेली असते. एकदा डेस्मंड नावाचे एक खरेखुरे पक्षिमित्र गळ्यात दुर्बीण अडकवून आत येऊन बसले. त्यांना कुणी उठवेना, कारण उठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. जेवण होता होता त्यांना प्रकार कळला, तेव्हा दुर्बीण बाजूला ठेवून ते म्हणाले, "तुम्ही ही कोंबडीची पिसं वापरता? अहो, ती राठ असतात." तेव्हापासून मंडळाला पिसं तेच पुरवतात.

मंडळाच्या प्रमुख नोरीनबाई. सबंध आयुष्य गावोगावी घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा केलेल्या नर्स. आवाज चढवत नाहीत, पण त्यांनी "मर्विन" म्हटलं की मी शर्टाची बटणं तपासतो. नवीन जोडप्याने बरेच महिने नुसतं जेवायला यायचं. मग नोरीनबाईंना वाटलं, तर ह्युऑन खोऱ्यातल्या त्यांच्या सफरचंदांच्या जुन्या वखारीत जो खेळाचा दिवस होतो, त्याचं बोलावणं मिळतं. ते बोलावणं मिळावं, म्हणून ग्लेनिसचा जीव टांगणीला लागला होता. तिने त्यासाठी एक जांभळा मखमली झगा शिवून ठेवला होता आणि मधूनमधून कपाटातून काढून ती त्यावर हात फिरवायची. मला त्या झग्याचीसुद्धा भीती वाटायची, कारण तो अंगावर चढणं न चढणं माझ्या वागणुकीवर होतं.

आता थांबण्याचं सांगतो. या मंडळींत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे थांबणं. बहुतेक जोडप्यांचा एक ठरलेला शब्द असतो. तो उच्चारला की सगळं जागच्या जागी थांबतं. पण ग्लेनिसच्या जिभेवर कुणाचाच भरवसा नाही, खुद्द तिचाही नाही. ती "पुरे, पुरे" म्हणत चहाचा कप पुढे करणारी बाई आहे. खेळात तर "नको रे, मेले रे, थांब ना" असं खिदळत चालू असतं आणि थांबलं की विचारते, "का थांबलास?" म्हणून नोरीनबाईंनी तोडगा सांगितला.

"तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दे, मर्विन. तोंडाने ती काय वाटेल ते बोलू दे. जुडगा पडला की थांबायचं. खळ्ळकन आवाज व्हायला हवा, म्हणजे तू पाठमोरा असलास तरी कळेल. का टाकला, कशाला टाकला, ते सगळं नंतर. आधी थांबायचं."

मी मान डोलावली. पण घरी आल्यावर लक्ष गेलं जमिनीकडे. बैठकीची लाकडी जमीन मी नुकतीच घासून पॉलिश करून घेतली होती. अशी चकचकीत, की तिच्यावरून चालताना मी स्वतः चोरपावलांनी चालायचो. तिच्यावर किल्ल्या पडल्या असत्या तर खड्डा. सोफ्याखाली टेनिसचा चेंडू दिसला. मऊ, हलका, निरुपद्रवी. म्हटलं, चेंडूही पडतोच की.

"नोरीनने किल्ल्या सांगितल्या होत्या ना?" ग्लेनिसने विचारलं.

"काहीही चालतं म्हणाली," मी म्हणालो. (वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवू नका. ठेवणारी माणसं आमच्या घरी पुरेशी आहेत.)

चेंडू होता हॅमिशचा. हॅमिश म्हणजे आमचा कुत्रा, मेंढ्या राखणाऱ्या जातीचा. आमच्या घरी मेंढ्या नसल्यामुळे तो चपला राखतो. एखादी चप्पल जोडीपासून लांब पडलेली त्याला बघवत नाही, उचलून जागेवर नेऊन ठेवतो. त्या शनिवारी दुपारी खेळाच्या आधी आम्ही त्याला कपडे धुण्याच्या खोलीत कोंडलं. त्या दाराचा दांडा पंजाने खाली दाबला की दार उघडतं, हे हॅमिशला माहीत होतं. हॅमिशला ते माहीत आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही हुशार आहात, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आम्हाला कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

ग्लेनिस जुना पोहण्याचा पोशाख घालून सोफ्यावर आडवी झाली, डोळ्यांवर पट्टी, उजवा हात सोफ्याच्या कडेवरून खाली सोडलेला आणि मुठीत चेंडू. खाली, पॉलिशला जपायला, मी गालिचाही अंथरला होता. मी समुद्राच्या लाटांचा आवाज लावला, तोही मोठा, कारण माझ्या छातीची धडधड तिला ऐकू जाऊ नये. साहित्य इस्त्रीच्या टेबलावर मांडलं होतं आणि टेबल होतं खिडकीशी. म्हणजे प्रत्येक वस्तू बदलताना मला तिच्याकडे पाठ करावी लागायची.

पीस झालं, लोकर झाली. मग बर्फ. बर्फाचा खडा माझ्या बोटांना चिकटला. तो सोडवायला मी दुसरा हात लावला, तर दुसऱ्या हातालाही चिकटला. कसाबसा सुटल्यावर मी तो तिच्या तळपायावरून फिरवला आणि नव्या खड्यासाठी वळलो.

"आई गं, पाय, पाय. थांब मर्व," मागून ग्लेनिस म्हणाली.

मी वळून पाहिलं. चेंडू मुठीत होता. म्हणजे मजेत आहे. पाय म्हणते म्हणजे तिला पायावरच हवंय, असं समजून मी दुसरा खडा पोटरीवर फिरवला आणि पुन्हा वळलो.

"अरे खरंच थांब. मर्व, ऐकतोयस का?"

पाहिलं. चेंडू मुठीत. मी मनातल्या मनात नोरीनबाईंचे आभार मानले. केवढी सोय आहे, बायको काय वाटेल ते बोलू दे, नुसतं चेंडूकडे बघायचं. इतकी रंगलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. कपाळाला घामसुद्धा आला होता. मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला, आणि मला अभिमान वाटायला लागला की काहीतरी फुटतं, हा आजवरचा अनुभव आहे.

तिसरा खडा घेऊन मी वाकलो आणि तिची टाच माझ्या नाकावर बसली. मी टेबलावर, टेबल जमिनीवर आणि बर्फाचं भांडं पॉलिशवर. मी नाक धरून उठेपर्यंत ग्लेनिसने पट्टी ओढून काढली होती आणि ती दोन्ही हातांनी पोटरी दाबत होती. पोटरीत जबरदस्त गोळा आला होता तिच्या.

"मी चेंडू टाकला होता," ती म्हणाली.

"टाकला नाहीस. हा काय, तुझ्या मांडीशी."

"आत्ता आहे. मी टाकला, तर तू उचलून माझ्या मुठीत कोंबलास. परत टाकला, परत कोंबलास. वर बोटं दाबून मिटवलीस."

"मी? अगं, मी तिकडे बर्फात होतो."

"म्हणूनच चेंडू ओला होता. ओला आणि गिळगिळीत."

 माझे हात ओले होते, चेंडू ओला होता आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.  ग्लेनिस माझ्याकडे बघत होती, पण रोजच्यासारखी नाही. बस चुकल्यावर अनोळखी माणसाने गाडी थांबवून "चला, सोडतो" म्हटलं की बायका बघतात, तशी.

"मला भीती वाटली, मर्व," ती म्हणाली. "तुझी."

घाबरायचं खातं आमच्या घरी माझ्याकडे होतं. कोळी दिसला तर ती मारते, वीज गेली तर तळघरात ती जाते. त्या बाईला भीती वाटली, आणि कोणाची, तर ज्याला स्वतःची सावली पुढे पडली तरी दचकायला होतं त्याची. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, की मी रडत रडत जमीन पुसली, आणि तेही तिने पाहिलं. जमीन पुसताना.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसून विचार करू लागलो. विचार करता करता माझी पाचावर धारण बसली, कारण मला वाटायला लागलं, की केलंही असेल मी. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस मी. एकदा परवान्याच्या अर्जावर कुत्र्याच्या नावाच्या जागी माझं नाव लिहून वर शिक्का मारलेला मी. मग चेंडू उचलून तिच्या हातात दिला असेल आणि विसरलोही असेन. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठीमागे त्या दिवशी मीच लागलो होतो.

हॅमिशला सोडायला गेलो, तर तो चटईवर पडून झोपेत घोरत होता. दार किलकिलं होतं. म्हटलं, बघा, दारसुद्धा नीट लावायचं भान नव्हतं आपल्याला. आणि मग शिवणाच्या खोलीतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी रविवार, मंडळाच्या जेवणाचा. याच जेवणात नोरीनबाई बोलावण्याचं सांगणार होत्या. गाडीत ग्लेनिस एवढंच म्हणाली, "मी सांगणार आहे." मी "हो" म्हणालो. मंडळाचा तसा रिवाजच आहे. थांबण्यात चूक झाली तर ती दडपायची नाही, दोघांनी मिळून सगळ्यांसमोर बोलायची. समोरचा डोंगर बर्फाने पांढरा झाला होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. तिथे एखादी गुहा असेल, असं वाटत होतं.

तिने सांगितलं. कुणी ओरडलं नाही, ओरडले असते तर बरं झालं असतं. बस चालवणारा सिओने, टोंगा बेटांवरचा आडदांड माणूस, स्कॅलप-पायचा घास तोंडाशी नेत होता, तो त्याने परत ताटात ठेवला. नोरीनबाईंनी चष्मा काढून पुसला.

"मर्विन, किल्ल्या पडल्याचा आवाज आला नाही तुला?"

"किल्ल्या नव्हत्या," मी म्हणालो. "चेंडू होता."

"चेंडू का?"

"जमिनीला पॉलिश केलं होतं. नुकतंच."

ग्लेनिसने माझ्याकडे मान वळवली. "तू तर म्हणालास, नोरीन काहीही चालतं म्हणाली."

"असं मी कधी म्हणाले?" नोरीनबाई म्हणाल्या.

डेस्मंडनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर भिंत होती.

"म्हणजे जमिनीला लागू नये याची काळजी घेतलीस तू," नोरीनबाई शांतपणे म्हणाल्या. मला वाटलं, आता ही जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण पबच्या जमिनीवर गालिचा होता. "चला. जेवण उरका. आपण त्यांच्या घरी जाऊ आणि कोरडी फेरी करू."

कोरडी फेरी हा मंडळाचा आणखी एक रिवाज. चूक जिथे झाली तिथे जायचं, भर दिवसा, सगळे कपडे घालून, आणि जे जे घडलं ते तसंच्या तसं पुन्हा करून बघायचं. चूक माणसाची की मांडणीची, ते त्यात कळतं. माझ्या बाबतीत काय कळणार, याचा मला अंदाज होता. मी सिओनेच्या गाडीत मागे बसलो. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मर्व, भावा, तुला कधीपासून विसरायला होतं?" एवढ्या प्रेमाने विचारलं की मला हुंदका आला.

घरी नोरीनबाई स्वतः सोफ्यावर आडव्या झाल्या, कोट घालून, बूट काढून, पट्टी बांधून. हात कडेवरून खाली, मुठीत चेंडू.

"कुत्रा कुठे होता?"

"कोंडला होता."

"मग कोंडा."

हॅमिशला कोंडलं. लाटांचा आवाज लावला. ग्लेनिस, सिओने आणि डेस्मंड भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी टेबलापाशी गेलो, पाठ केली आणि बर्फाच्या भांड्यात बघत उभा राहिलो.  आता मीच वळणार, चेंडू उचलणार आणि मलाच कळणार नाही, या भीतीने मी टेबल घट्ट धरून ठेवलं.

थोड्या वेळाने सिओनेच्या घशातून किटलीसारखा आवाज यायला लागला. डेस्मंड म्हणाले, "सुंदर." मी वळलो. चेंडू नोरीनबाईंच्या मुठीत होता.

"बघा," मी म्हणालो, "नाही पडला."

"पडला," तिघेही म्हणाले.

"मग... मी उचलला?"

"तू टेबलाला मिठी मारून उभा होतास," ग्लेनिस म्हणाली. तिचा आवाज विचित्र येत होता. "याला परत दाखवा. या वेळी बघ रे, माणसा."

नोरीनबाईंनी मूठ उघडली. चेंडू गालिच्यावर मुकाट पडला आणि जरा घरंगळला. सोफ्याखालून एक काळंपांढरं नाक बाहेर आलं. हॅमिश पोटावर सरपटत बाहेर पडला, कळपातून फुटलेल्या मेंढीकडे बघावं तसं त्याने चेंडूकडे पाहिलं, तो तोंडात धरला, नोरीनबाईंच्या तळहातावर ठेवला, नाकाने त्यांची बोटं एक एक करून मिटवली आणि उलट्या पावली सोफ्याखाली निघून गेला. वस्तू जागेवर नसलेली त्याला बघवत नाही.

ग्लेनिस जमिनीवरच बसली. हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करू लागली. मी हात पसरून पुढे झालो. ती उठली आणि तिने सोफ्याखाली हात घालून कुत्र्याला मिठी मारली. तेही चाललं मला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि तो उतरल्याबरोबर माझी छाती नको तेवढी फुगली.

"म्हणजे मी नव्हतो," मी म्हणालो. "मी आधीपासून सांगत होतो. मी नव्हतो."

"बस, मर्विन," नोरीनबाई पट्टी सोडत म्हणाल्या. मी बसलो. "चेंडू जितक्या वेळा पडला, तितक्या वेळा या खोलीत कुणाला तरी तो दिसला. तो कोण?"

 सोफ्याखाली शेपटी जमिनीवर आपटली.

"मी थांब म्हणत होते, तेव्हा तू चेंडूकडे बघत होतास," ग्लेनिस म्हणाली. आता ती हसत नव्हती. "उरलेला वेळ बर्फाकडे. माझ्या तोंडाकडे एकदा तरी बघितलंस?"

"नाही."

"का?"

खरं होतं तेच सांगितलं. "तुला आवडत नसेल तर तोंडावर दिसेल, म्हणून. मला भीती वाटते त्याची."

कुणी हसलं नाही.  ग्लेनिसने हॅमिशला सोडलं, माझ्या शेजारी येऊन बसली आणि रुमालाने माझ्या सुजलेल्या नाकाला आलेलं पाणी पुसलं. "भित्रट," ती म्हणाली. लग्नाआधी ती मला असंच म्हणायची.

नोरीनबाई बूट घालत होत्या. "पुढच्या शनिवारी वखारीत या. दोघं या. पण आडवा होणार मर्विन, आणि साहित्य ग्लेनिसच्या हातात. पट्टीच्या आतून कसं असतं, ते त्याला कळू दे. त्याशिवाय दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही."

"मला भीती वाटते," मी म्हणालो.

"म्हणूनच, भावा," सिओने म्हणाला, आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. तीही लागली.

तो सबंध आठवडा मी जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. परवान्याच्या खिडकीवर एका बाईने "कुत्रा चावरा आहे का, या रकान्यात काय लिहू?" असं विचारलं, तर मी "थांबा" म्हणून ओरडलो. शनिवार आलाच. वखारीत शेकोटी पेटली होती, मेंढ्यांची कातडी अंथरली होती, लांब टेबलावर प्रत्येकाने घरून आणलेले केक आणि सँडविच होते. ग्लेनिस तो जांभळा मखमली झगा घालून आली आणि मला वाटलं, इतकी देखणी बाई माझ्यासारख्याबरोबर इतकी वर्षं काय करते आहे. मला पोहण्याच्या चड्डीवर एका बाकावर झोपवलं. डोळ्यांवर पट्टी आली. नोरीनबाईंनी माझ्या हातात शेळीच्या गळ्यातली पितळी घंटा दिली. "पडली की थांबलं. कळलं?"

"मी इथेच आहे, मर्व," ग्लेनिसचा आवाज आला. "तुझ्या हाताकडे बघतेय. आणि तोंडाकडे."

मग अंधार. आत काय असतं, ते तुम्हाला सांगतो. आत काहीच नसतं, आणि त्या काहीच नसण्यात सगळं येऊन बसतं. शेकोटीत लाकूड तडकलं, मला दातेरी चाक वाटलं. कुणीतरी सँडविच खाल्लं, मला कात्री वाटली. ग्लेनिसला हे आवडतं, दर आठवड्याला आवडतं, आणि तेही असल्या नवऱ्याच्या भरवशावर, हे मला त्या अंधारात पहिल्यांदा नीट कळलं. मी ठरवलं, काही झालं तरी घंटा टाकायची नाही. तिच्यासाठी एवढं तरी सोसायचं. दात आवळले. श्वास कोंडला.

आणि तेव्हाच काहीतरी बर्फासारखं, ओलसर, मेलेल्या माशासारखं थंड माझ्या उजव्या घोट्याला लागलं आणि हळूहळू वर सरकायला लागलं.

घंटा पडली. पडली कसली, मी ती भिरकावली. ती भिंतीवर आपटली, तिथून केकच्या ताटात गेली, आणि वखारीतला प्रत्येक आवाज त्या क्षणी थांबला. कुणी "का" विचारलं नाही, कुणी "कशाला" विचारलं नाही. ग्लेनिसचा उबदार हात लगेच माझ्या हातात होता.

"थांबलंय, मर्व. सगळं थांबलंय. काय झालं, सांग."

"फार गार होतं," मी म्हणालो. माझे दात वाजत होते. "मी खूप सोसलं, ग्लेनिस. पण बर्फापासून सुरुवात करायला नको होती तू."

कुणीतरी ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी अजून सुरूच केलं नव्हतं रे," ग्लेनिस हळूच म्हणाली.

नोरीनबाईंच्या पावलांचा आवाज जवळ आला. त्यांनी माझा घोटा दोन बोटांनी धरून सरावाने तपासला आणि आजाऱ्याला बरी बातमी द्यावी तशा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुझाच डावा पाय आहे, राजा."